पोट सुती की पॉलिस्टर

चूक माझीच होती. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली होती, अक्कांनी ती चार घड्या घालून पाकिटात ठेवली होती आणि आम्ही दोघी दवाखान्याचा जिना उतरत होतो. मी तेव्हा गप्प बसले असते तर पुढचे अकरा दिवस वाचले असते. पण मी बी.एस्सी. झालेली, त्यातही फिजिक्स घेऊन, आणि त्या फिजिक्सबद्दल मला तीस वर्षांत कुणी एक प्रश्न विचारलेला नाही. अशा बाईला कुणी जिन्यात सहज विचारावं, "अल्ट्रासाउंड म्हणजे काय गं?" म्हणजे तिचा तोल जाणारच.

"काही नाही हो अक्का," मी म्हणाले, "आपल्या अल्ट्रासारखंच असतं."

अक्का होत्या त्या पायरीवर थांबल्या. मागून येणारा माणूस त्यांच्या पाठीवर आदळता आदळता राहिला.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. धुळ्याकडच्या. मी जळगावची. आम्हा दोघींना सुरतेत येऊन इतकी वर्षं झाली की गावाकडे गेलो तर तिथले लोक आम्हाला गुजराती समजतात. पर्वत पाटियाजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचा लहानसा कारखाना आहे. व्यापाऱ्यांच्या साड्या येतात, आम्ही त्यांच्या कडा कापतो, लेस लावतो, घडी घालून परत देतो. सहा बायका कामाला आहेत. अक्का घरात अहिराणीच बोलतात. मी इथे त्यांचं बोलणं बरंचसं साध्या मराठीत लिहिते आहे, पण काही वाक्यं आहेत तशीच ठेवते, कारण त्यांचं मराठी करायला गेलं की त्यातली अक्का निघून जाते.

आता अल्ट्रा. अल्ट्रा म्हणजे आमचं अल्ट्रासॉनिक मशीन. दिसायला शिलाई मशीनसारखं, पण त्यात सुई नाही आणि दोराही नाही. खाली पोलादी ठोकळा असतो, तो सेकंदाला वीस हजार वेळा थरथरतो. वर नक्षीचं चाक असतं. दोन्हींमधून पॉलिस्टरची साडी गेली की त्या थरथरीने कापड आतल्या आत तापतं, वितळतं, आणि कड कापली जाऊन तिथेच चिकटते. धागा सुटत नाही. वीस हजारांचा आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही म्हणतात, पण चाक आणि कापड मिळून जे किंचाळतात ते खालच्या मजल्यावरच्या चहावाल्यालाही ऐकू येतं. या मशीनवर गेली नऊ वर्षं अक्का बसतात. त्यांच्याइतकी सरळ कड आमच्याकडे कुणाची येत नाही. एकदा त्यांच्या अंगठ्याचं टोक चाकाखाली सापडलं होतं. तेव्हापासून त्या मशीनला मान देतात, पण त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

अशा बाईला मी सांगितलं होतं की तुमच्या पोटावर अल्ट्रा चालवणार आहेत.

"मना पोटवर ते चाक फिरावतीन?" अक्कांनी विचारलं.

"चाक नाही हो. तत्त्व तेच, एवढंच म्हणतेय मी."

"मी काय साडी शे का?"

आणि त्या एकट्याच जिना उतरून रिक्षात जाऊन बसल्या.

खरं तर हसण्यासारखी वेळ नव्हती. दोन वर्षांपासून अक्कांना उजव्या बरगडीखाली दुखायचं. तळलेलं किंवा तुपाचं काही खाल्लं की तासाभराने सुरू व्हायचं आणि पाठीपर्यंत जायचं. घरात सगळे त्याला गॅस म्हणायचे. माझे जेठ, म्हणजे अक्कांचे यजमान, तर डॉक्टरांपेक्षाही खात्रीने म्हणायचे. अक्कांनी त्या दोन वर्षांत इतका ओवा खाल्ला की दुकानदार त्यांना पाहिलं की न विचारता पुडी बांधायला घ्यायचा. मागच्या महिन्यात मात्र दुखणं थांबेना. घामाने त्यांचा पदर भिजला होता आणि कापायच्या टेबलाचा पाय धरून त्या खाली बसून राहिल्या होत्या. तेव्हा मी कुणालाही न विचारता त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, पित्ताशयात खडे असण्याची शक्यता आहे. एखादा खडा नळीत अडकला तर कावीळ होईल, ताप येईल, मग धावपळ करावी लागेल. त्याआधी पाहून घ्या. पेट का अल्ट्रासाउंड करवा लो.

त्यांनी सोनोग्राफी म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. सोनोग्राफी अक्कांना माहीत आहे, गल्लीतल्या प्रत्येक गरोदर सुनेची होते. ती त्यांच्या लेखी फोटो काढण्यासारखी गोष्ट. घोटाळा त्या एका शब्दाने केला आणि तो शब्द उलगडून सांगितला मी.

दुसऱ्या दिवशी मी गोड बोलून पाहिलं. "अक्का, हे अगदी कमी ताकदीचं असतं."

"गरम होतं का?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. पण फिजिक्सवाल्यांची एक खोड असते. "नगण्य," मी म्हणाले.

"नगण्य म्हणजे होतं."

"होतं, पण कळत नाही."

"पॉलिस्टरलाही कळत नाही," अक्का म्हणाल्या, आणि साडी चाकाखाली सरकवली.

जेठ म्हणाले, तिला नको असेल तर राहू दे, गॅसच आहे. त्यामुळे माझा हट्ट आणखी वाढला.

चौथ्या दिवशी चहाच्या वेळेला मी सगळ्या बायकांसमोर प्रयोग करायचं ठरवलं. मशीन मोकळं होतं. मी आधी पॉलिस्टरची चिंधी चालवली. कड वितळली, चिकटली, नेहमीसारखी. मग एका जुन्या परकराचा सुती तुकडा घातला. चाकाचे नुसते वळ उठले, चिकटलं काहीच नाही.

"बघा," मी म्हणाले. "सगळ्यांवर सारखा परिणाम होत नाही. सुतीला काही होत नाही."

"मग माझं पोट सुती की पॉलिस्टर?" अक्कांनी विचारलं.

"अक्कांचं पॉलिस्टरच," लेस लावणारी बाई म्हणाली. ती बिहारची आहे, पण आमच्यात राहून मराठीत टोमणे मारायला पक्की शिकली आहे. "दहा वर्षांत एक सुरकुती नाही पडली."

"मिक्स असेल," दुसरी म्हणाली. "बाहेरून सुती, आतून पॉलिस्टर."

"तोंड तेवढं जरीचं," तिसरी म्हणाली, आणि अक्कांनी तिच्याकडे पाहिल्यावर लगेच चहात बघायला लागली.

मी पुन्हा वर्ग ताब्यात घेतला. म्हटलं, माणसाचं शरीर सुती नाही आणि पॉलिस्टरही नाही. आपल्यात सगळ्यात जास्त काय असतं? पाणी. तेव्हा तोच सुती तुकडा पाण्यात बुडवते आणि चालवून दाखवते. काही होणार नाही, बघाच.

मी ओला तुकडा चाकाखाली घातला आणि पायाने कळ दाबली.

फस्स करून पांढरं धुकं उडालं. अत्तराच्या बाटलीतून उडावं तसं, पण हातभर उंच. लेसवालीच्या चष्म्यावर बसलं, अक्कांच्या चहात बसलं, माझ्या तोंडावर बसलं. पाणी इतक्या वेगाने थरथरलं की त्याचे बारीक थेंब होऊन हवेत गेले. ते असं होणार हे मला माहीत असायला हवं होतं. निदान परीक्षेपुरतं तरी माहीत होतं.

खाली रस्त्यावर एक टेम्पो मागे घेत होते, त्याची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

"पाणी म्हणालीस ना पोटात?" अक्का म्हणाल्या.

मग सगळ्या बायका हसायला लागल्या आणि थांबेनात. लेसवालीने डब्यातून पोळी काढून चाकाखाली घातली. पोळीवर वेलबुट्टी उठली. दुसरीने पापड घातला, त्याचा चुरा झाला. तिसरी काकडीची फोड घेऊन आली तेव्हा मी मशीन बंद केलं. नक्षीची पोळी चौघींनी वाटून खाल्ली. अक्का सोडून सगळ्यांना प्रयोग फार आवडला.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन वही घेऊन बसले. जे आठवत नव्हतं ते मोबाइलवर शोधलं. दुसऱ्या दिवशी अक्कांना सांगितलं, आपलं मशीन वीस हजार वेळा थरथरतं, पोटाचं तीसचाळीस लाख वेळा.

हे सांगताना मला वाटलं होतं की वेगळेपणा पटेल. अक्कांनी मनात हिशोब केला.

"वीस हजारात पॉलिस्टर वितळतं," त्या म्हणाल्या. "मग चाळीस लाखांत माझी राख तरी सापडेल का?"

मी कपाळाला हात लावला. पण तर्क चुकीचा असला तरी सरळ होता, हे मला मान्य करावं लागलं. अक्का शाळेत पाचवीपर्यंत गेल्या. आणखी गेल्या असत्या तर माझ्यासारख्यांना त्यांनी पळता भुई थोडी केली असती.

"अक्का, किती वेळा हलतं ते सोडा," मी म्हणाले. "किती जोरात हलतं ते बघा. डासाचे पंख सेकंदाला शेकडो वेळा हलतात. भिंत पडते का? लोहाराचा घण सेकंदाला एकदाही पडत नाही, पण लोखंड वाकवतो. आपलं मशीन घण आहे. वर चाकाने दाबून धरतं आणि खालून ठोकतं, सतत, न थांबता. पोटाचं मशीन ठोकत नाही. ते एकदा बारीकशी चुटकी वाजवतं आणि गप्प बसतं. मग ऐकतं. चुटकी वाजवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ ते नुसतं ऐकत असतं. मग पुन्हा चुटकी."

"काय ऐकतं?"

हा पहिला खरा प्रश्न होता. मी मशीनसमोरून स्टूल ओढलं.

"आपण मार्केटमध्ये गोडाऊन बघायला गेलो होतो, आठवतं? रिकामं होतं. तुम्ही आत हाक मारली तर भिंतीवरून परत आली. नंतर तेच गोडाऊन कापडाच्या गठाणींनी, गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरलं, तेव्हा हाक मारली की तिथल्या तिथे मुरायची. कापडाने खाऊन टाकली. पोटाचंही तसंच. मऊ मांसातून आवाज आत जातो, जाताजाता थोडा थोडा मुरतो. जिथे एक गोष्ट संपून दुसरी सुरू होते, म्हणजे यकृत संपलं आणि पित्ताची पिशवी लागली, तिथून त्यातला थोडासा परत येतो. किती वेळाने परत आला यावरून मशीन ठरवतं की ती जागा किती खोल आहे. असं हजारो ठिकाणांहून ऐकतं आणि चित्र काढतं."

"आवाजावरून चित्र?"

"आवाजावरून चित्र."

"आणि आवाज किती वेगाने जातो ते त्याला कसं माहीत?"

कॉलेजात हा प्रश्न मला तोंडी परीक्षेत विचारला होता आणि मला आला नव्हता. "ते धरून चालतं," मी म्हणाले. "सेकंदाला साधारण दीड हजार मीटरच्या थोडं वर. चरबीत थोडा कमी असतो, मांसात थोडा जास्त. मशीन सगळ्याला एकच धरतं."

"म्हणजे अंदाजपंचे."

"अंदाज, पण चांगला. तुम्ही मीटरपट्टी न लावता कड सरळ घेता तसा."

हे त्यांना आवडलं असावं, कारण त्यांनी स्वतःच्या हातची एक कड बोटाने चाचपून पाहिली. मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्या कारखान्याच्या नियमातून आलं होतं. तो नियम अक्कांनीच घातला आहे. नवं कापड आलं की व्यापाऱ्याची साडी सरळ मशीनला लावायची नाही. त्याच ताग्याची चिंधी आधी चालवायची. चिंधी नीट निघाली तर साडी.

"पहिले तू," अक्का म्हणाल्या.

"मी?"

"तू माझ्याच ताग्यातली. एका घरचं खातो, एका घरचं पाणी पितो. तुझं पोट आधी चालवू दे. तू धड उठलीस तर मी झोपते."

मी घासाघीस करून पाहिली, पण चिंधीच्या नियमापुढे अक्का कुणाचं ऐकत नाहीत. शेवटी मी डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, मला बरेच दिवस आंबट ढेकर येतात, मलाही एक चिठ्ठी द्या. ढेकर खरंच येत होते. डॉक्टरांनी मान वर न करता चिठ्ठी दिली.

अकराव्या दिवशी सकाळी आम्ही दोघी अनशेपोटी सोनोग्राफी सेंटरला पोचलो. रात्रीपासून खायचं नसतं. जेवण झालं की पित्ताची पिशवी आकसते, रिकामी होते, मग बघायला काही उरत नाही. आणि अन्नाबरोबर पोटात हवा जाते, ती तर आवाजाची वैरीण. हे मी अक्कांना रिक्षात सांगितलं, तेव्हा समोरून गरम लोचोच्या, म्हणजे इथल्या डाळीच्या वाफाळत्या नाश्त्याच्या गाडीचा वास आला आणि त्या म्हणाल्या, "फिजिक्स बंद कर, मला भूक लागली आहे." उपाशी माणसाला हसू लवकर येतं असं माझं निरीक्षण आहे. आमचं रिक्षातच सुरू झालं.

काउंटरवरच्या मुलीने हिंदीत विचारलं, "किसका करना है?"

"दोनों का," मी म्हणाले.

"पहले कौन?"

"पहिले ही," अक्का माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "ही चिंधी आहे."

मुलगी लिहिता लिहिता थांबली. "सरनेम चिंधी?"

यानंतर आम्हाला दोघींना पाणी प्यायला कोपऱ्यात जाऊन उभं राहावं लागलं. पाणी घशाखाली उतरत नव्हतं.

आत डॉक्टरीणबाई होत्या, गुजराती, माझ्याच वयाच्या, घाईत. अक्का बाहेर बसायला तयार नव्हत्या. मी म्हणाले, यांचीही तपासणी आहे, यांना भीती वाटते, बघू दे. डॉक्टरीणबाईंनी खांदे उडवले. मी झोपले. पोटावर गार जेलचा गोळा पडला आणि मी उसळले.

"काय झालं?" अक्का पुढे धावल्या.

"गार आहे हो. काही नाही."

"हे कशाला लावतात?"

"हवा काढायला. कातडी आणि पोटावर फिरवायच्या त्या दांड्याच्या मध्ये एवढीशी जरी हवा राहिली तरी आवाज तिथूनच परत फिरतो, आत जातच नाही."

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "टीचर छो?"

"साड्यांचं काम करते," मी म्हणाले.

दांडा पोटावर फिरायला लागला. अक्का कान पुढे करून उभ्या होत्या. "किंचाळत नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी धीर करून विचारलं की हात लावून बघू का. डॉक्टरीणबाईंनी वैतागून दांडा उचलून समोर धरला. अक्कांनी बोटांची मागची बाजू त्याला लावली, मशीन बंद केल्यावर पोलादाला लावतात तशी. "कोमट," त्या म्हणाल्या. "हाताइतकं." आणि त्यांचे खांदे खाली आले.

तेवढ्यात दांडा माझ्या उजव्या बरगडीखाली गेला आणि थांबला. पडद्यावर करड्या भुरकट पसाऱ्यात एक काळीभोर पिशवी दिसत होती, पेरूच्या आकाराची. काळी, कारण आत नुसता द्रव, आणि शुद्ध द्रवातून परत येण्यासारखं काही नसतं. त्या पिशवीच्या तळाशी एक पांढरी चकचकीत कोर होती. आणि कोरीच्या मागे, थेट खालपर्यंत, एक काळी पट्टी.

"सावली!" मी ओरडले.

खरं सांगते, मला त्या क्षणी भीती वाटली नाही. आनंद झाला. पुस्तकात आकृती काढली होती, बाण काढले होते, पाच मार्क मिळवले होते. कठीण वस्तू आली की आवाज तिथूनच मागे फिरतो, पुढे काही जात नाही, म्हणून तिच्या पाठीमागे अंधार पडतो. आणि तीस वर्षांनी ती आकृती माझ्याच पोटात निघाली होती.

"आपने पता छे?" डॉक्टरीणबाईंनी दोन भाषा एकत्र करून विचारलं.

"काय आहे?" अक्का.

"खडा," मी म्हणाले. "मला खडा आहे, अक्का. बघा ना, सावली किती स्वच्छ पडली आहे!"

अक्कांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा फुटला.

"चिंधीतच डाग!" त्या म्हणाल्या आणि भिंतीचा आधार घेऊन खाली स्टुलावर बसल्या. "वं माय! चिंधीतच डाग निघना!"

मला हसू आवरेना. पोट हललं, चित्र हललं, खडा पडद्यावर उड्या मारायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्रास नसेल तर या खड्याला हात लावायची गरज नाही, अनेकांना असतो आणि कळतही नाही, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मी म्हणाले, बरं. जेल पुसलं आणि धड उठले.

अक्का माझ्या जागी झोपल्या. कुणाला सांगावं लागलं नाही.

"श्वास लो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पकडी राखो."

बरगडीचं हाड आवाजाला आत जाऊ देत नाही. श्वास भरून धरला की यकृत आणि पित्ताची पिशवी बरगडीखालून खाली सरकतात आणि दिसतात. मी हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. अक्कांनी श्वास भरला, धरला, गाल फुगले, डोळे माझ्याकडे वळले आणि सगळा श्वास फुर्रकन बाहेर आला.

"मासी, हसो नहीं. हलो छो."

"नाही हसत," अक्का म्हणाल्या. दुसऱ्यांदा श्वास भरला. मी भिंतीकडे तोंड केलं. मागून फुर्र. "ही खांदे हलवतेय," अक्कांनी तक्रार केली. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी मला टेबलाजवळच्या कापडी पडद्यामागे उभं केलं. तिथून मला फक्त स्क्रीन दिसत होती. यावेळी श्वास धरला गेला.

स्क्रीनवर अक्कांची पिशवी आली. माझ्या पिशवीसारखी जवळजवळ सगळी काळी नव्हती. तळाशी एकामागे एक पांढऱ्या कोरी, खेटून, आणि त्यांच्या सावल्या मिळून एकच रुंद काळोख झालेला. माझं हसणं आपोआप थांबलं.

"किती?" अक्कांनी विचारलं. त्यांनाही ते दिसत होतं.

"घणां छे, मासी. गणाता नथी." खूप आहेत, मोजता येत नाहीत. पिशवीची भिंतही जाड झाली होती, म्हणजे ती बरेच दिवस सोसत होती. "डाबी बाजू फरो."

अक्का डाव्या कुशीवर वळल्या. आणि पडद्यावर सगळे खडे गडगडत दुसऱ्या बाजूला गेले. एक मागे राहिला होता, तोही मग सावकाश घरंगळत बाकीच्यांना जाऊन मिळाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हलतात म्हणजे खडेच, भिंतीला चिकटलेली गाठ असती तर हलली नसती.

अक्का पडद्याकडे टक लावून बघत होत्या. दोन वर्षं ज्याला सगळ्यांनी गॅस म्हटलं, ते त्यांच्यासमोर गोट्यांसारखं घरंगळत होतं. त्या आपण होऊन उताण्या झाल्या. खडे परत आले.

"आखो दखाड," त्या म्हणाल्या. आणखी दाखव.

"मासी, थई गयुं." झालं आता.

"एक डाव." आणि त्या पुन्हा डावीकडे वळल्या. खडे गेले. उजवीकडे वळल्या. खडे आले. "वं माय, कसे पळतात बघ! अगं, ये इकडे, बघ ना!" मी कापडी पडद्यामागून आले. पोटावर जेल, परकर सैल केलेला, सत्तावन्न वर्षांच्या माझ्या मोठ्या जाऊबाई तपासणीच्या टेबलावर कुशी बदलत होत्या आणि हसत होत्या. डॉक्टरीणबाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांनीही दांडा धरून ठेवला आणि हसायला लागल्या. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे आता पोटात ठेवण्यासारखं नाही. सर्जनना दाखवा, दुर्बिणीतून काढतात, दोनतीन दिवसांत घरी. अक्कांनी नीट ऐकलं. एकच प्रश्न विचारला, त्यातही असलं मशीन चालवतात का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "चालवलं तरी चालेल."

रिपोर्ट घेऊन आम्ही रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने विचारलं, पर्वत पाटिया? अक्का म्हणाल्या, थांब. पर्समधून फोन काढला आणि जेठांना लावला. त्यांचा आवाज मला पलीकडूनही ऐकू येत होता. काय निघालं, गॅसच ना, मी म्हणत होतो.

"गॅस असता तर काही दिसलंच नसतं," अक्का म्हणाल्या. "हवेतून आवाज परत फिरतो. आत जातच नाही."

अक्कांनी रिपोर्ट मांडीवर उलगडला.

"खडे आहेत. मी डोळ्यांनी पाहिले. पळताना पाहिले. हिलाही एक आहे, पण हिचा एकच आहे." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी वर्णन करणार नाही. "ऑपरेशन करायचं आहे. येत्या सोमवारी. नाही, विचारत नाही. सांगतेय."

फोन बंद करून त्यांनी तो पर्समध्ये टाकला आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर दोन बोटं ठोकली.

"पर्वत पाटिया नाही," त्या म्हणाल्या. "आधी डॉक्टरकडे. आणि वाटेत खड्डे चुकव रे बाबा, आमच्या दोघींच्या पोटात आधीच पुष्कळ आहेत."

रिक्षावाल्याला काही कळलं नाही. आम्ही दोघी मात्र वाटेतल्या पुलापर्यंत हसत होतो, अक्का उजवी बरगडी एका हाताने दाबून धरून.